ही इच्छा नक्की कोणाची?

सोमवारची सकाळ होती. ६ वाजून २७ मिनिटं. मी रोजच्यासारखी डोळे मिटून बसले होते. पाठ ताठ, श्वास शांत, समोर उदबत्ती. आत मात्र एकच विचार चालू होता, अजून तीन मिनिटं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात तेव्हा रविवारच्या रात्रीचे नऊ वाजत आले होते आणि नवाच्या ठोक्याला एक ऑनलाइन लिलाव बंद होणार होता. तीनपैकी दोन मिनिटं मी कशीबशी काढली. मग डोळे उघडले आणि मोबाइल हातात घेतला.

लिलावात होती १९३६ सालच्या एका व्हॅक्यूम क्लीनरची माहितीपुस्तिका. यंत्र नव्हे, त्याची पुस्तिका. ते यंत्र माझ्याकडे नाही आणि येण्याची शक्यताही नाही. आलंच तर आपल्या घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावल्याबरोबर जळून जाईल, कारण ते त्याच्या निम्म्या व्होल्टेजसाठी बनवलेलं आहे. या पुस्तिकेसाठी मी स्वतःला १० डॉलरची मर्यादा घालून दिली होती. साडेसहाला लिलाव संपला तेव्हा ती मला मिळाली होती, ३१ डॉलरला. टपालखर्च वेगळा. दोन शाळकरी मुलांची शिकवणी घेऊन साठवलेले ते पैसे होते.

वाचकहो, हसू आलं असेल तर हसा. आता मलाही येतं. पण त्या सकाळी उदबत्तीची राख पडेपर्यंत मी तिथेच बसून होते आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. १० डॉलर ही माझी किंमत होती. मग ३१ ही कोणाची?

हे सगळं सुरू झालं कॉलेजच्या प्रोजेक्टमधून. मी इंदूरला कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय होता लिलाव, आणि सरांची अट अशी की जिची किंमत कुठल्याही दुकानात लिहिलेली नाही अशी वस्तू निवडायची. कोणी जुनी नाणी घेतली, कोणी क्रिकेटच्या बॅटी. माझ्या मामांनी नव्वदच्या दशकात इंदुरात दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर विकले आहेत. म्हणून मी आपली गमतीने जुने व्हॅक्यूम क्लीनर शोधायला लागले आणि एक अख्खं जगच समोर उघडलं.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये असे जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवणारी माणसं आहेत. त्यांचे क्लब आहेत, मेळावे भरतात. मिझुरी राज्यातल्या सेंट जेम्स या गावी फक्त व्हॅक्यूम क्लीनरचं संग्रहालय आहे, आणि ओहायोतल्या नॉर्थ कँटनमध्ये हूवर कुटुंबाच्या जुन्या घरात आणखी एक. या माणसांना यंत्राचा नुसता आवाज ऐकून मॉडेल सांगता येतं. बहुतेकांची सुरुवात लहानपणी झालेली असते. आजीच्या घरी दर आठवड्याला जे घोंघावायचं, तेच त्यांना पुन्हा हवं असतं. कोणाला १९३७ सालचं, बर्फावरच्या घसरगाडीसारख्या पट्ट्यांवर सरकणारं चंदेरी इलेक्ट्रोलक्स हवं असतं. ते लुरेल गिल्ड नावाच्या डिझायनरने आखलं होतं. कोणाला हेन्री ड्रेफसने घडवलेलं १९३६ सालचं हूवर १५० हवं असतं, बेकेलाइटचं झाकण असलेलं. माझी पुस्तिका याच यंत्राची.

या यंत्रांच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती मला फार आवडली. ओहायोतल्या कँटन शहरात जेम्स मरे स्पँग्लर नावाचे गृहस्थ एका दुकानात झाडलोटीचं काम करत. त्यांना दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो वाढायचा. १९०७ साली त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारं एक ओबडधोबड यंत्र केलं. १९०८ साली त्याचं पेटंट मिळालं. पुढे त्याचे हक्क विल्यम हूवर यांनी घेतले. त्यांचा धंदा तोवर चामड्याच्या वस्तूंचा होता. म्हणजे आज ज्याच्यासाठी बोली लागते, त्या वस्तूची सुरुवात एका माणसाला श्वास घेता येईना म्हणून झाली. त्याची गरज अगदी खरी होती. ती कोणाकडून उसनी आणलेली नव्हती.

माझी मात्र उसनी होती, आणि हे मला हळूहळू कळत गेलं.

लिलावाच्या अभ्यासात विल्यम विक्री हे नाव येतंच. आडनाव विक्री, आणि काम केलं खरेदी-विक्रीच्या सिद्धांतावर! मराठी माणसाला ते विसरणं शक्य नाही. त्यांनी १९६१ साली एक लेख लिहिला आणि १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं आहे. प्रत्येकाने वस्तूचं आपल्याला वाटणारं खरं मोल एकदाच, बंद पाकिटात लिहून द्यायचं. सगळ्यांत मोठा आकडा ज्याचा, त्याला वस्तू मिळते, पण पैसे द्यायचे ते दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याएवढे. अशा लिलावात आकडा वाढवून सांगण्यात फायदा नाही आणि कमी सांगण्यातही नाही. सत्य सांगणं हाच सगळ्यांत शहाणपणाचा व्यवहार ठरतो. मला हे वाचून केवढा आनंद झाला होता! गणितातून निघालेला सत्याचा उपदेशच जणू.

ऑनलाइन लिलावाची रीत याच्या बरीच जवळची आहे. तुम्ही तुमची कमाल मर्यादा एकदा लिहून ठेवायची. समोरचा जसजसा वाढेल तसतशी यंत्रणाच तुमच्या वतीने, गरजेपुरतीच बोली वाढवत नेते आणि मर्यादेला थांबते. म्हणजे खरं तर काम सोपं आहे. विचार करा, आकडा लिहा आणि झोपा.

मी सहा आठवडे एक वही ठेवली. एकेक लिलाव बंद होण्याआधी त्यात लिहायचं की मी असते तर जास्तीत जास्त किती दिले असते. मग शेवटची किंमत शेजारी मांडायची. पैशांचा काही संबंधच नव्हता, नुसता कागदावरचा खेळ. तिसऱ्या आठवड्यात एका इलेक्ट्रोलक्सपुढे मी ६० लिहिलं. बोली ८५ वर गेली. मी ६० खोडून ९० लिहिलं. कोणी पाहत नव्हतं, कोणी मागत नव्हतं, वस्तू मिळणार नव्हती, तरी मी खोडाखोड केली. का? ते यंत्र मध्यंतरी सुधारलं नव्हतं, माझी गरज वाढली नव्हती. बदल एकच झाला होता. दुसऱ्या कोणालातरी ते माझ्यापेक्षा जास्त हवं आहे, एवढं मला कळलं होतं.

विक्रीसाहेबांच्या गणितात एक गोष्ट गृहीत आहे, माणसाला आपल्या मनातला आकडा ठाऊक असतो. मला वाटतं अडचण नेमकी तिथेच आहे. तो आकडा आत कुठे लिहून ठेवलेला नसतो. आपण तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावून वाचतो आणि मग छातीवर हात ठेवून म्हणतो, ही माझी इच्छा. मी अनुवादाच्या सेवेत आहे. इच्छा, ओढ, वासना, हाव यांपैकी कुठे कोणता शब्द वापरायचा यावर आमची बरीच चर्चा होते. पण हे सगळे शब्द गृहीत धरतात की इच्छा आपल्या आतून उठते. दुसऱ्याचं पाहून उठलेल्या इच्छेला काय म्हणावं? मत्सर म्हणता येत नाही. त्या दुसऱ्या माणसाचं वाईट व्हावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. तो कोण हेही मला माहीत नव्हतं. पडद्यावर त्याच्या नावाची दोन अक्षरं आणि मध्ये तारे दिसत होते, बस.

ॲल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली छापलेल्या एका अभ्यासात ईबे आणि अ‍ॅमेझॉन यांच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना केली. ईबेवर लिलाव ठरलेल्या क्षणी संपतो. अ‍ॅमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत कोणी बोली लावली तर वेळ वाढायची, आणि सलग दहा मिनिटं शांततेत गेल्याशिवाय लिलाव संपत नसे. शेवटच्या क्षणी झडप घालण्याचा प्रकार ईबेवर कितीतरी जास्त आढळला. नियम बदलला की माणसांचं वागणं बदललं. हे वाचून मला थोडा दिलासा वाटला, म्हणजे मीच काही फार वाईट नाही! पण दिलासा फार टिकला नाही. नियमाने मला झडप घालायला वाट करून दिली, हे खरं. ध्यानाच्या आसनावरून उठून गेले ती मी.

योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी एक आहे. त्यावरच्या व्यासभाष्यात त्याचं स्पष्टीकरण फार व्यवहारी आहे. वस्तू मिळवण्यात, ती सांभाळण्यात, ती झिजण्यात, तिच्यात गुंतण्यात आणि तिच्यापायी घडणाऱ्या हिंसेत दोष दिसतो, म्हणून ती न स्वीकारणं, असा त्याचा आशय. मी हे पूर्वी अनेकदा वाचलं होतं. पण जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवणाऱ्यांच्या बाबतीत ते इतकं तंतोतंत लागू पडेल असं वाटलं नव्हतं. हिंसासुद्धा! आता निर्जीव यंत्राशी हिंसा कसली, असं वाटेल. पण एक यंत्र चालू करण्यासाठी दुसरं यंत्र फक्त सुट्या भागांसाठी विकत घ्यायचं, त्याची मोटर, चाकं, मूठ काढून घ्यायची आणि सांगाडा टाकून द्यायचा, हा या छंदातला रोजचा व्यवहार आहे. कोणतं वाचवायचं आणि कोणतं मोडायचं हे ठरवताना काही जणांचा हात थांबतो, हेही तितकंच खरं.

इथपर्यंत आले तेव्हा मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. संग्रह म्हणजे लोभ. पण मग झिजण्याच्या मुद्द्यापाशी मी अडकले.

जुनं यंत्र सांभाळणं म्हणजे काय ते पाहा. नुसतं काचेच्या कपाटात ठेवलं तरी ते मरतं. बेअरिंगमधलं ग्रीस सुकतं. रबरी पट्टा कडक होऊन तुटतो. वायरवरचं रबराचं आवरण भुरभुरू लागतं आणि मग ती हातात धरणंही धोक्याचं. कापडी पिशवी विरते. म्हणजे यंत्र जिवंत ठेवायचं तर ते अधूनमधून चालवायला हवं. आणि चालवलं की मोटरमधले कार्बन ब्रश झिजतात, बेकेलाइटला धक्का बसला तर तडा जातो. वापरलं तरी झीज, न वापरलं तरी झीज. हे कळूनही जो माणूस संध्याकाळी तासभर बसून मोटर उघडतो, साफ करतो, नवीन वायर घालतो आणि मग त्याच यंत्राने आपल्या घरातला गालिचा झाडतो, त्याला लोभी म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्या तासात तो कोणाशी स्पर्धा करत नसतो. त्या वस्तूला काय हवं आहे, एवढंच पाहत असतो. ऐंशी वर्षांपूर्वी कारखान्यातल्या कोणीतरी नीट बसवलेला स्क्रू तो तितक्याच नीट पुन्हा बसवतो.

आणि गंमत अशी की हा माणूस आणि रविवारी रात्री नऊला झडप घालणारा माणूस बहुधा एकच असतो. वस्तू तीच, हात तेच. म्हणून किती वस्तू आहेत हे मोजून फारसं काही कळत नाही. एकाच यंत्राचा मालक पक्का साठेबाज असू शकतो आणि पन्नासांचा मालक नुसता राखणदार. फरक कुठे पडतो? मला असं दिसलं की दुरुस्तीच्या टेबलावर इच्छा वस्तूकडे वळलेली असते. लिलावाच्या शेवटच्या मिनिटात ती वस्तूकडे पाहतच नाही, ती त्या तारांकित नावाकडे पाहते. मी त्या मिनिटात पुस्तिकेचं चित्र उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. फक्त आकडा पाहत होते.

ईबेच्या पहिल्या विक्रीची गोष्ट ती कंपनी नेहमी सांगते. १९९५ साली पिअर ओमिडियार यांनी आपला मोडका लेझर पॉइंटर लिलावाला ठेवला आणि तो १४.८३ डॉलरला गेला. तो मोडका आहे हे लक्षात आलं ना, असं त्यांनी घेणाऱ्याला विचारलं. उत्तर आलं की मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. लोक ही गोष्ट माणसं कशी वेड्यासारखी काहीही विकत घेतात याचं उदाहरण म्हणून सांगतात. मला उलटं वाटतं. त्या माणसाला आपल्याला काय हवं आहे ते नेमकं ठाऊक होतं.

पाच आठवड्यांनी माझं पाकीट आलं. पुस्तिका बरी होती, कोपरे दुमडलेले, एका पानावर जुन्या शाईत कोणीतरी केलेली खूण. सोबत विक्रेत्याने हाताने लिहिलेली एक ओळ होती. तिचा अर्थ असा, तुमचं यंत्र छान चालत असेल अशी आशा आहे.

ती चिठ्ठी वाचून मला जे वाटलं ते ३१ डॉलर गेल्याचं दुःख नव्हतं. त्याने सहज गृहीत धरलं होतं की ही पुस्तिका मागणाऱ्याकडे यंत्र असणारच. नाहीतर कोण कशाला घेईल? आणि मग मला तो दुसरा माणूस आठवला, दोन अक्षरं आणि ताऱ्यांचा. त्याच्याकडे ते यंत्र असेल का? पट्टा कसा बसवायचा, मोटरचं झाकण कुठून उघडतं, हे त्याला या पानांतून पाहायचं असेल का? असेल किंवा नसेलही, तोही माझ्यासारखाच नुसता आकडा पाहत असेल. पण मी ३० वर थांबले असते तर ही पुस्तिका कदाचित एखाद्या यंत्राशेजारी गेली असती. आता ती माझ्या कॉस्टिंगच्या पुस्तकांशेजारी पडून होती.

मी ती मामांकडे घेऊन गेले. सगळं सांगितलं, आकड्यासकट. मामा रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "अगं, आम्हीही तेच करायचो की! दार उघडलं की आधी यंत्र दाखवायचंच नाही. म्हणायचं, वहिनी, तुमची गादी फार स्वच्छ दिसते, जरा बघू का? मग नळीच्या तोंडाला पांढरा रुमाल लावायचा आणि दोन मिनिटं गादीवरून फिरवायचा. रुमालावर काळं वर्तुळ उठलं की त्या गप्प. दोन मिनिटांपूर्वी त्यांना काही नको होतं."

मी त्यांना ह्युबर्ट सेसिल बूथ यांची गोष्ट सांगितली. १९०१ साली लंडनमध्ये या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, फुंकण्यापेक्षा ओढली तर? मग उपाहारगृहात खुर्चीच्या बैठकीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने जोरात हवा ओढून पाहिली. रुमालाला खालच्या बाजूने धूळ चिकटली होती. मामा खूश झाले. "म्हणजे आमचा रुमाल शंभर वर्षांचा!" मग थोडं थांबून म्हणाले, "पण धूळ खरीच होती हो. ते काही आम्ही खोटं दाखवलं नाही. फक्त त्यांनी विचारलं नव्हतं आणि आम्ही दाखवली. काही घरांत हप्ते जड गेले, ते पुढे कळलं."

मामांच्या माळ्यावर त्यांचं प्रात्यक्षिकाचं यंत्र अजून आहे. दिवाळीच्या आधी ते खाली काढतात, मोटर फुंकून साफ करतात, सगळं घर झाडतात, पुन्हा गुंडाळून ठेवतात. त्याची आता काही किंमत येईल का, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं होतं. या वेळी त्यांनी मला विचारलं, "मग हे पुस्तक कोणासाठी घेतलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी विक्रेत्याला लिहिलं की दुसऱ्या क्रमांकाची बोली ज्यांची होती त्यांना निरोप द्या. त्यांच्याकडे यंत्र असेल तर पुस्तिका मी पाठवते, पैसे नकोत. निरोप दिला, असं विक्रेत्याने कळवलं. त्या माणसाकडून अजून काही आलेलं नाही. हे लिहीत असताना मी दिवसातून किती वेळा मोबाइल पाहते ते सांगत नाही. देण्याच्या इच्छेतही घाई असते, असं दिसतं.

तोवर पुस्तिका मामांकडे आहे. त्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून रोज संध्याकाळी दोन पानं मी त्यांना मराठीत सांगते. 'ब्रश' आणि 'बेल्ट' यांचं भाषांतर करू नकोस, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. काल पट्टा बदलण्याच्या पानापर्यंत आलो. त्यांनी माळ्यावरचं यंत्र खाली काढायला लावलं, कारण त्यांना दोन्हींची बांधणी शेजारी शेजारी ठेवून पाहायची होती.